मुलकी, गैरमुलकी आणि सरकारी अनुमति

आपल्या घरांतील वडील माणसें बोलतां बोलतां एखादा असा शब्द वापरून जातात कीं, तो ऐकून नातवंडांनीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहावें. धाराशिव जिल्ह्यांतील जुन्या घरांत ‘मुलकी’ हा त्यांपैकींच एक शब्द आहे. “तो पडला गैरमुलकी, त्याला जागा कशी मिळणार?” असें एखादे आजोबा म्हणाले, तर नातवाला वाटतें, ही कोठल्या तरी जातीची किंवा पंथाची गोष्ट असावी. वस्तुतः हा शब्द राज्यकारभारांतला आहे. ‘मुल्क’ म्हणजे देश. त्या देशाचा तो मुलकी आणि देशाबाहेरचा तो गैरमुलकी. निजामी राज्यांत गैरमुलकी मनुष्यास सरकारी चाकरींत घ्यावयाचें झाल्यास खुद्द निजामांची खास मंजुरी लागत असे. आज त्याच नातवाचा मोठा भाऊ अमेरिकेंत किंवा जर्मनींत नोकरीस असतो, आणि त्याच्या मालकाला तेथील सरकारची मंजुरी मिळाली कीं नाहीं, या चिंतेनें घरांतल्या मंडळींना रात्र रात्र झोंप येत नाहीं. शब्द बदलला, कागद बदलला, प्रश्न मात्र तोच राहिला. परक्यास काम देण्यापूर्वीं सरकारची अनुमति लागावी काय, आणि ती लागली तर बळ नेमकें कोणाच्या हातीं जातें, याचा विचार आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाच्या आधारें करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ही अनुमतीची कल्पना निजामांनीं प्रथम काढली असें नाहीं. ती प्रथम त्यांच्यावरच लादली गेली. १७९८ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें निजाम अलीखान यांच्याशीं तैनाती फौजेचा तह केला. रेमंड नांवाच्या फ्रेंच सेनापतीनें उभारलेली एक मोठी कवायती फौज त्या काळीं निजामांच्या पदरीं होती. ती या तहानें मोडली. पुढें कोणाही फ्रेंचास चाकरींत घेऊं नये, आणि इतर कोणाही युरोपियनास कंपनी सरकारच्या संमतीवांचून ठेवूं नये, असेंही निजामांकडून कबूल करून घेण्यांत आलें. या कलमाचा हेतु हैदराबादच्या रयतेचें कल्याण हा खचित नव्हता. कोणाच्या घरांत कोणी चाकरी करावी हें ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे जातो, त्याच्याकडे त्या घराच्या किल्ल्याही जातात, हें कंपनीनें पुरतें ओळखलें होतें.

निजामांच्या अशा परक्या चाकरांपैकीं एकाचा आपल्या जिल्ह्याशीं निकटचा संबंध आला. कर्नल मेडोज टेलर हा इंग्रज मुलगा १८२४ सालीं, मिसरूड फुटण्याच्या वयांत, एका व्यापाऱ्याकडे नोकरी मिळेल या आशेनें मुंबईस उतरला. ती आशा फोल ठरली, तेव्हां निजामांच्या फौजेंत त्याला जागा मिळाली, आणि पुढचें बहुतेक आयुष्य त्यानें दक्षिणेंतच काढलें. १८५३ सालीं निजामांनीं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग म्हणजे आपला धाराशिव प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला, तेव्हां नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार याच टेलरकडे सोंपविण्यांत आला. पुढें त्यानें ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, तींत तुळजापूर आलें आहे. परका असूनही मुलखाशीं समरस होणारा मनुष्य असूं शकतो, याचें हें एक जुनें उदाहरण होय.

या हवाल्याच्या गोष्टींत आणखी एक मौज आहे. १८६० सालीं इंग्रजांनीं रायचूर दुआब व धाराशिव प्रांत निजामांस परत केला. म्हणजे मधलीं सात वर्षें हा जिल्हा इंग्रजी अमलाखालीं होता. तेच डोंगर, तीच बोरी नदी, तेंच तुळजाभवानीचें ठाणें. सरकार तेवढें दोनदां बदललें. माणूस आपल्या उंबरठ्यावरून हललाही नाहीं, आणि तरी तो एका राज्याचा परका झाला व पुन्हां आपला झाला. पुढें या जिल्ह्याच्या सीमेवर करोडगिरीचीं नाकीं बसलीं. अलीकडे हाली शिक्का चाले, पलीकडे कलदार. सोलापूर आणि बार्शी हीं आपल्या बाजारहाटाचीं, सोयरिकीचीं गांवें. पण कायद्याच्या दृष्टीनें तीं परमुलखांत पडलीं. १९११ मध्यें बार्शी लाइट रेल्वे येडशीवरून थेट लातुरापर्यंत गेली, तेव्हां तर एकाच गाडीच्या एकाच डब्यांत एका बाकावर मुलकी आणि दुसऱ्या बाकावर गैरमुलकी बसून एकाच मराठींत गप्पा मारीत जात असत.

आतां मुलकीचा वाद मुळांत उद्भवला कसा, तें पाहूं. १८५३ पासून १८८३ पर्यंत हैदराबादचे दिवाण असलेले पहिले सालारजंग हे मोठे कर्ते पुरुष. त्यांनीं जुनी मक्त्याची पद्धति मोडून १८६५ सालीं जिल्हाबंदी केली. जिल्हे झाले म्हणजे कचेऱ्या आल्या, कचेऱ्या आल्या म्हणजे नव्या तऱ्हेचे शिकलेले अंमलदार आले. ते राज्यांत पुरेसे नव्हते, म्हणून सालारजंगांनीं उत्तर हिंदुस्थानांतून विद्वान मंडळी आणविली. मोहसिन-उल-मुल्क, सय्यद हुसेन बिल्ग्रामी हीं नांवें त्यांत प्रमुख होत. सरोजिनी नायडू यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे बंगालचे. हैदराबादेंतील निजाम कॉलेजचा पाया त्यांनीं घातला. अशा लोकांनीं त्या राज्याची सेवा केली यांत संशय नाहीं. परंतु एक अंमलदार आला कीं त्याच्यामागून त्याचा मेहुणा, भाचा आणि भाच्याचा मित्र येतो, हाही जगाचा अनुभव आहे. दक्षिणेंतील जुन्या घराण्यांना वाटूं लागलें कीं, पान आपल्या घरचें, आणि जेवून उठणारा भलताच.

ही तक्रार रास्त होती. ज्या रयतेच्या सारावर राज्य चालतें, तिच्या मुलांना त्या राज्याच्या चाकरींत पहिला मान असावा, यांत अन्याय कांहीं नाहीं. या तक्रारींतून एकामागून एक हुकूम निघत गेले, आणि १९१९ च्या फर्मानानें मुलकी नियमांस निश्चित रूप आलें. जो मुलकी नाहीं त्यास निजामांच्या खास मंजुरीवांचून वरिष्ठ वा कनिष्ठ कोणत्याही सरकारी जागेवर नेमूं नये, हें त्याचें सूत्र. मुलकी कोण? जो जन्मानें हैदराबाद राज्याचा प्रजाजन तो. किंवा जो निदान पंधरा वर्षें राज्यांत कायम राहिला आहे, मूळ गांवीं परत जाण्याचा विचार ज्यानें सोडला आहे, आणि तसें प्रतिज्ञापत्र ज्यानें मॅजिस्ट्रेटसमोर केलें आहे, तो. किंवा ज्याच्या जन्माच्या वेळीं त्याचा बाप पंधरा वर्षें सरकारी चाकरी पुरी करून चाकरींतच होता, तो. आणि चौथी, मुलकी पुरुषाची बायको.

हें चौथें कलम आमच्या भागांतील गृहिणींनीं विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. सोलापूरची मुलगी तुळजापुरांत सून म्हणून आली कीं अक्षता पडतांच ती मुलकी होई. तिला पोंचवावयास आलेला तिचा सख्खा भाऊ मात्र गैरमुलकीच राही. त्यास ती पदवी मिळण्यास पंधरा वर्षें आणि एक प्रतिज्ञापत्र लागावयाचें. एका आईच्या दोन लेकरांत कायद्याची अशी भिंत उभी राहिली, आणि तरी तो कायदा व्यवहारांत कोणास विचित्र वाटला नाहीं. माणसाला कागदाची किती लवकर संवय होते, पाहा.

आतां मुख्य प्रश्न. या नियमानें मुलकी मनुष्याच्या हातांत काय पडलें? विशेषतः आपल्या जिल्ह्यांतील मराठी बोलणाऱ्या मुलकी मुलाच्या हातांत?

संस्कृत व्याकरण शिकलेल्यांस ‘उत्सर्ग’ आणि ‘अपवाद’ हे शब्द परिचयाचे आहेत. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम. आणि जेथें दोहोंची गांठ पडते तेथें अपवाद हा उत्सर्गाहून बलवान ठरतो. राज्याच्या नियमांतही तसेंच घडतें. ‘गैरमुलकीस जागा नाहीं’ हा उत्सर्ग झाला. ‘खास मंजुरीवांचून’ हा अपवाद झाला. सारें बळ त्या दोन शब्दांत सांठलें. ज्याला वरपर्यंत वशिला होता, त्याच्यासाठीं अपवादाचें दार होतें. ज्याला नव्हता, त्याच्यासाठीं नियमाची भिंत होती. नियम केला रयतेसाठीं, आणि बळ आलें तें मंजुरी देणाऱ्यास.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. राज्याच्या कचेऱ्यांची भाषा फारसी जाऊन उर्दू झाली होती. १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघालें, तेंही उर्दू माध्यमाचें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग एका अर्थीं थोर होता, हें मान्य केलें पाहिजे. परंतु राज्यांतील बहुसंख्य लोकांची मातृभाषा तेलुगु, मराठी आणि कानडी होती. भूम-परंड्याकडच्या एखाद्या मराठी मुलास जन्मानें मुलकीपणाचा पूर्ण हक्क होता, पण ज्या शिडीनें त्या हक्कापर्यंत चढावयाचें ती परक्या भाषेची होती. दाराबाहेरच्यास अडविण्यासाठीं पहारेकरी ठेवला, पण घरच्यास पायऱ्या बांधून दिल्या नाहींत. मग अनेक घरांनीं आपलीं मुलें सोलापुरास, पुण्यास, म्हणजे परमुलखांत शिकावयास धाडलीं. मुलकी मुलगा विद्येसाठीं गैरमुलकी झाला.

याच वेळीं आपल्या जिल्ह्यांत उलट दिशेचा एक प्रवास घडला. आजच्या लोहारा तालुक्यांतील हिप्परगा या लहानशा गांवीं १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. १९३० च्या सुमारास तेथें एक तरुण मुख्याध्यापक आले. जन्म विजापूर जिल्ह्यांतील सिंदगीचा, शिक्षण सोलापूर, अंमळनेर व पुणें येथें, म्हणजे इंग्रजी मुलखांत. नांव व्यंकटेश खेडगीकर. तेच पुढें संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते ठरले. शाळा सरकारी नसल्यामुळें त्यांच्या नेमणुकीस निजामांच्या खास मंजुरीचें कारण पडलें नाहीं. पण विचार करा: मुलकी मुलांना त्यांच्या स्वतःच्या भाषेंत शिकवून उभें करण्याचें जें काम मुलकी नियमांना साधलें नाहीं, तें सीमेपलीकडून आलेल्या एका शिक्षकानें एका खेड्यांतल्या शाळेंत आरंभिलें. परका कोण आणि आपला कोण, हें कागदावरून ठरत नाहीं. तो आपल्या मुलांच्या हातीं काय ठेवून जातो, यावरून तें ठरतें.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी सत्ता संपली, पण मुलकीचा प्रश्न संपला नाहीं. नवा कारभार चालविण्यासाठीं मुंबई, मद्रास, मध्यप्रांत येथून अंमलदार व कारकून आले. त्यांतल्या कित्येकांनीं मुलकीचे खोटे दाखले काढल्याच्या तक्रारी उठल्या, आणि १९५२ च्या सप्टेंबरांत हैदराबाद शहरांत विद्यार्थ्यांच्या चळवळीवर गोळीबार होऊन तरुणांचे प्राण गेले. ज्यांनीं चार वर्षांपूर्वीं एका झेंड्याखालीं लढा दिला होता, तेच आतां एकमेकांस ‘परत जा’ म्हणूं लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. वास्तव्याची अट घालण्याचा अधिकार घटनेच्या १६ व्या कलमानें एकट्या संसदेकडे ठेवला आहे. त्यानुसार १९५७ च्या कायद्यानें अशा जुन्या अटी देशभर उठविल्या, तेलंगण आदि थोड्या प्रदेशांपुरती सवलत मात्र राहिली. तेलंगणांत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ मध्यें न्यायालयानें मुलकी नियम वैध ठरविले, त्यावरून आंध्रांत मोठी चळवळ पेटली, आणि १९७३ मध्यें संसदेनें ते नियम रद्द केले. आज धाराशिवचा मुलगा पुण्यास, बंगळुरास वा हैदराबादेस नोकरीस जातो, तेव्हां त्याच्या मालकास कोणत्याही दरबाराची मंजुरी मागावी लागत नाहीं. ही सोय आपणांस इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिची किंमत कोणी मोजली हें आपण विसरून गेलों आहों.

तरीही पंधरा वर्षांचा तो जुना आंकडा अजून जिवंत आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००८ च्या निर्णयानें उद्योगधंद्यांत पर्यवेक्षक वर्गांत निदान निम्मे आणि इतर जागांवर निदान ऐंशी टक्के लोक स्थानिक असावेत असें ठरविलें; आणि स्थानिक म्हणजे पंधरा वर्षें राज्यांत वास्तव्य असलेला. हेतु चांगलाच आहे. पण येथेंही तोच प्रश्न विचारला पाहिजे: ऐंशीच्या ऐंशी जागा भरावयास लागणारें कसब आपल्या मुलांना कोठें मिळणार? घटनेच्या ३७१ व्या कलमांत मराठवाड्यासाठीं तंत्रशिक्षणाची व नोकरीच्या संधीची न्याय्य तरतूद असावी असें म्हटलें आहे. त्यांत शिक्षण आधीं आणि नोकरी मागून, हा क्रम ध्यानांत धरण्यासारखा आहे.

आतां परदेशाकडे वळूं. कारण आज सुशिक्षित घरांतून गैरमुलकी होण्याचा प्रसंग तेथेंच येतो. अमेरिकेंत ‘एच-वन-बी’ नांवाची जी अनुमति आहे, ती नोकरास मिळत नाहीं, मालकास मिळते. मालकानें आधीं मजूर खात्यास लिहून द्यावयाचें कीं, या परक्यास मी येथील दरानेंच पगार देईन. मग दुसऱ्या खात्याकडे अर्ज करावयाचा. वर्षास ६५,००० आणि तेथें उच्च पदवी घेतलेल्यांसाठीं आणखी २०,००० अशी तिची मर्यादा कायद्यांत घातलेली आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांची फी बसविण्याचें फर्मान निघालें, तेव्हां किती मराठी घरांत देव पाण्यांत ठेवले गेले असतील! नोकरी सुटली तर दुसरा मालक शोधण्यास किंवा गांठोडें बांधण्यास सामान्यतः साठ दिवसांची मुदत मिळते. तेथील मजुराचें हित हा या नियमाचा घोषित हेतु. पण ज्याला नोकरी सोडण्याची धास्ती, त्याला पगार वाढवून मागण्याचीही धास्ती. बळ गेलें तें मालकाकडे.

आखाती देशांतील ‘कफाला’ पद्धतींत हें बंधन आणखी घट्ट होतें. तेथें मजुराचें राहणें, काम बदलणें, कित्येक ठिकाणीं देश सोडणेंसुद्धां मालकाच्या मर्जीवर असे. कतारनें २०२० मध्यें मालकाच्या ना-हरकतीशिवाय काम बदलण्याची मोकळीक दिली, ती जगभर टीका झाल्यानंतर. आपल्या सरकारनें १९८३ च्या कायद्यानें अशा मजुरांसाठीं उत्प्रवासी-संरक्षक नेमले. जो मॅट्रिक, म्हणजे आतांची दहावी, उत्तीर्ण नाहीं, त्यास ठराविक देशांत कामास जाण्यापूर्वीं या संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागेल, असा त्याचा दंडक. दहावीच्या परीक्षेची ही एक थोरवी आम्हां मास्तरांच्याही फारशी ध्यानांत आली नव्हती: ती परीक्षा उतरलेला मनुष्य आपलें संरक्षण आपण करूं शकेल, असें कायदा गृहीत धरतो.

याउलट एक चांगलें चिन्हही दिसतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशीं कुशल कामगार पाठविण्याचा करार केला. जर्मन कायद्यांतही परक्यास कामावर घेण्यास बहुधा मजूर खात्याची संमति लागते. पण तेथें मुख्यतः पाहिलें जातें तें हें कीं, परक्याचा पगार व कामाच्या अटी तेथील कामगाराहून हलक्या नसाव्यात. आणि जाण्यापूर्वीं जर्मन भाषा शिकावी लागते. भाषेची अट येथेंही आहे. पण ती आपण होऊन परदेशीं जाणाऱ्यास आहे, आपल्याच घरांत राहणाऱ्यास नव्हे. निजामी उर्दूची सक्ति आणि ही अट यांत हें अंतर आहे.

या सर्वांतून घरांतील कर्त्या मंडळींनीं काय घ्यावें? मुलगा किंवा मुलगी परदेशीं निघाली, कीं आपण विचारतों: पगार किती, थंडी किती, जेवणाची सोय काय? त्यांच्या जोडीनें आणखी तीन प्रश्न विचारावेत. अनुमति कोणाच्या नांवें आहे, मालकाच्या कीं तुझ्या? मालक बदलावयाचा झाल्यास किती दिवसांची मुदत आहे आणि रीत काय आहे? आणि ही अनुमति मिळविण्याचा खर्च कोणी केला. कर्ज काढून केला असेल तर तें फिटेपर्यंत तूं कोणाचा बांधील? या तीन प्रश्नांचीं उत्तरें लग्नाच्या याद्यांप्रमाणें कागदावर लिहून घ्यावीं. मुलगी असेल तर हे प्रश्न दुप्पट काळजीनें विचारावेत, कारण नवऱ्याच्या अनुमतीवर गेलेल्या सुनेची अनुमति त्याच्या नोकरीबरोबरच लटकत असते. मुलकी पुरुषाची बायको म्हणून मुलकी होणाऱ्या त्या जुन्या सुनेची आठवण येथें व्हावी.

आणि जेव्हां आपल्याच गांवांत बाहेरचा मनुष्य कामास येतो, तेव्हां हाच न्याय उलटा लावून पाहावा. आपल्या मुलांची जागा जाते असें वाटलें, तर पहारेकरी मागण्यापूर्वीं पायऱ्या मागाव्यात: शाळा, तंत्रशाळा, वाचनालय, चांगला शिक्षक. पहारेकरी मागणें सोपें असतें, कारण त्यांत आपणांस कांहीं करावें लागत नाहीं. पण मंजुरीचा शिक्का ज्याच्या हातीं द्याल, बळ त्याचें होईल, मग तो राजा असो, खातें असो वा मालक. विद्या ज्याच्या हातीं द्याल, बळ त्याचेंच राहील. पंधरा वर्षें राहून मुलकी होतां येतें हें खरें. पण पंधरा वर्षें शिकून जो तयार होतो, त्यास कोणत्याही मुलखानें सहसा फार दिवस परका मानलेलें नाहीं.